बोलण्यावरून बांधलेलं घर

आमच्या गावात माझी ओळख सांगायला दोन शब्द पुरतात: बोलणाऱ्या बाई. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या रस्त्यावरचं लहानसं गाव, तिथं कोणाला घर दाखवायची वेळ येत नाही. पण आलीच, तर हेच दोन शब्द सांगितले जातात. जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला. पहिलीच्या वर्गासमोर गप्प बसून भागत नाही, आणि जिभेला एकदा सवय लागली की शाळा सुटली तरी ती सुटत नाही. लग्नात, बचत गटाच्या बैठकीत, एसटीच्या सीटवर, कोणाच्या तेरवीलासुद्धा मी बोलते. तेरवीला जरा हळू बोलते, एवढाच फरक.

आमचे हे नेमके उलटे. धान पिकवणारा माणूस, आणि धानाशी बोलावं लागत नाही हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. मला बघायला आले तेव्हा मोठ्यांनी आम्हा दोघांना थोडा वेळ बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं. मी शिकलेली, त्यात धीट. मीच विचारलं, तुम्हाला काय आवडतं? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "भात." तेवढंच. माझ्या आईला वाटलं, पोरगा सोज्वळ आहे. मला वाटलं, चला, जन्मभर मधे बोलणारं कोणी नाही. मी होकार देऊन टाकला.

गावानं आमची वाटणी तेव्हाच करून ठेवली. बाईंना माणसं लागतात, भाऊंना एकांत. यात कोणाला कधी शंका आली नाही, मलाही नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं आम्ही, आणि माणसाच्या बाबतीत आम्ही शीत म्हणून तोंडच चेपून बघतो.

मी निवृत्त झाले त्या सुमारास घराचा प्रश्न निघाला. चौकातल्या घरात आम्ही आणि धाकटे दीर असे दोन संसार होते. दिरांच्या पोरांची लग्नं झाली, सुना आल्या, आणि सकाळी मोरीसमोर रांग लागायला लागली. ते घर दिरांना द्यायचं आणि आम्ही वेगळं बांधायचं, असं भांडणाशिवाय ठरलं. आता जागा दोन होत्या. एक चौकातच, बसथांब्यासमोरचा रस्त्याकडेचा तुकडा. दुसरी गावाबाहेर, तलावाच्या मातीच्या पाळीपलीकडे आमच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना लागून. तिथं संध्याकाळी बगळ्यांखेरीज कोणी फिरकत नाही.

जागा ठरवायला घरातल्या घरात बैठक बसली. दीर होते, जाऊ होती, आणि अशा वेळी जिच्याशिवाय आमच्याकडे पानही हलत नाही ती मोठी नणंद मुद्दाम अर्जुनीवरून आली होती. दिरांनी पहिल्या दमात निकाल दिला. दादानं जन्मभर घरातला गोंधळ मुकाट्यानं सोसला, आता म्हातारपणी तरी त्याला शांतता मिळू द्या, शेतातच बांधा. नणंद माझ्याकडे बघून चुकचुकली. म्हणाली, वहिनीचे मात्र हालहाल होणार, पण बाईच्या जातीनं कधी तरी नवऱ्याचंही बघावं. 'गोंधळ' म्हणजे मी, हे मला कळलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, याची बैठकीत नोंद घेतली गेली आणि तो माझा त्याग समजला गेला.

यांना कोणी विचारलं नाही असं नाही. दिरांनी शेवटी रीतसर विचारलं, "चालन ना दादा?" हे म्हणाले, "हं." आमच्या घरात यांच्या 'हं'वर जमिनीचे व्यवहार झालेले आहेत. घर शेतात बांधायचं पक्कं झालं.

त्या दिवशी मी खरंच रडले. मला वाटलं, माणसाच्या आवाजाविना मी सुकून जाईन. पण आतून एक मोठेपणही वाटत होतं. या माणसानं इतकी वर्षं आपलं तोंड सोसलं, आता आपण त्याची शांतता सोसू. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तलावाकडे तोंड करून लांब ओसरी, असं घर उभं राहिलं. मी उरावर दगड ठेवून तिथं राहायला गेले.

तो दगड चार दिवसांत कुठं गेला, कोणास ठाऊक.

पहिल्या सकाळी मी चहा घेऊन ओसरीत बसले. समोर तलाव, काठाला बेशरमाची झुडपं, पाण्यात पाणकोंबड्या. कोणी आलं नाही. कोणी हाक मारली नाही. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम प्याले, आणि माझ्या लक्षात आलं की लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडतंय. दुसऱ्या दिवशी मी काहीच केलं नाही. लाखोळीची डाळ निवडायला घेतली आणि निम्मी तशीच ठेवून पाण्याकडे बघत बसले. कोणाशी बोलावंसं वाटेना. आधी मला धास्तीच वाटली, की तब्येत तर बिघडली नाही? पण भूक चांगली लागत होती, झोप तर शाळेतल्या पोरांसारखी लागत होती. लोक नागझिऱ्याच्या जंगलात शांतता बघायला गाडी करून जातात. माझ्या ओसरीत ती येऊन बसली होती.

पण हे सांगायचं कोणाला आणि कसं? सगळ्या गावाची सहानुभूती मी घेऊन बसलेली. शेतावर जाणाऱ्या बाया फाटकाशी थांबायच्या आणि तोंड पाडून विचारायच्या, "एकटं वाटत असन ना जी बाई?" मी एक लांब सुस्कारा सोडून म्हणायची, का करता, नशीब. त्या समाधानानं पुढं जायच्या. मग मी फाटकाची कडी लावायची आणि परत माझ्या खुर्चीत येऊन पाय पसरायची. सासरी सुखात असलेली पोर माहेरी आल्यावर चारचौघींत उगाच डोळे पुसते ना, तसं माझं चाललं होतं.

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांचं मात्र वेगळंच होऊन बसलं. यांचा भात कमी झाला. आमच्याकडे भात कमी होणं ही लहान गोष्ट नव्हे. ताट भरून खाणारा माणूस अर्ध्यावर हात धुवायला लागला. ओसरीत बसायचे, पण तलावाकडे पाठ करून. डोळे पाळीवरच्या पायवाटेवर, कोणी येतंय का बघत. एखादा शेळ्या चारणारा लांब दिसला की उठून फाटकापर्यंत जायचे. तो बोलायला थांबला तर हे काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, आणि तो गेला की पुन्हा येऊन बसायचे. चेहरा असा, की जणू गाडी चुकली.

मला वाटलं साखर असेल. मी त्यांना अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरनं विचारलं, काय त्रास होतो? हे म्हणाले, काही नाही. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना एसटी खचाखच भरलेली. यांच्या एका बाजूला कोंबड्यांची टोपली घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला कॉलेजातली पोरं, अंगावर कोणाची तरी पिशवी. आणि मी बघते तर यांच्या तोंडावर तजेला आलेला. घरी आल्यावर पोटभर जेवले. मी डॉक्टरचं फार कौतुक केलं. गोळ्यांचं पाकीट अजून फोडलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग यांना अर्जुनीची कामं निघायला लागली. मोटरपंपाचा वायसर आणतो, म्हणून सकाळच्या बसनं जायचे ते दुपार उलटल्यावर यायचे. दोन दिवसांनी परत वायसर. खिडकीच्या फळीवर इतके वायसर साठले की आमच्या पंपाला सात जन्म पुरतील. निवृत्त बाईचं डोकं रिकामं असतं. मी सगळे विचार करून बघितले. पत्ते? यांना बोली लावायला तोंड उघडावं लागलं असतं. दुसरी बाई? मला हसू आलं, पण मग तेही मी एकदा नीट विचार करून बघितलं, आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं.

अशात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आमची पोरगी आली. पुण्यात एका कंपनीत आहे, लोकांना कामावर घेण्याच्या खात्यात. आल्या आल्या तिनं जाहीर केलं की ती इंट्रोव्हर्ट आहे. मी विचारलं, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? ती कपाळाला हात लावून हसली. तिच्या कंपनीत सगळ्यांची एक चाचणी घेतात म्हणे. प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी चार अक्षरं येतात, आणि त्यावरून माणूस कसा ते कळतं. मी म्हटलं, आमच्याकडे याला राशी म्हणतात, आणि ती बारशाला सांगतात तेव्हा निदान लाडू तरी मिळतो.

पोरगी काही ऐकेना. दुपारी ओसरीत बसून तिनं मोबाइलवर आम्हा दोघांची चाचणी घेतली. प्रश्न पुण्याच्या माणसांसाठी काढलेले. पार्टीहून आल्यावर तुम्हाला थकवा वाटतो की उत्साह? आमच्याकडे पार्टी कुठली. तिनं तिथं मंडई घातली. मी थकते, असं मी खरं तेच सांगितलं, पण इतकं काम केल्यावर कोण थकणार नाही, असंही सांगितलं. ते लिहायला मोबाइलमध्ये जागा नव्हती. रिकामा दिवस मिळाला तर लोकांत जाल की घरी राहाल? घरी, मी म्हणून गेले, आणि जीभ चावली. यांची पाळी आली. अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का? यांनी पोरीकडे बघितलं. म्हणाले, "बसाले आवडते." पोरगी म्हणाली, बाबा, तसा पर्याय नाही. यांनी पुन्हा तेच सांगितलं.

शेवटी अक्षरं आली. पोरीनं दोनदा तपासलं. मी इंट्रोव्हर्ट, आणि आमचे हे एक्स्ट्रोव्हर्ट.

मी इतकी हसले की ठसका लागला. तेवढ्यात दीर मंडईचं बोलावणं करायला आले, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मशीन बिघडली आहे तुयी." हे सुद्धा गालात हसले. पण पोरगी हसत नव्हती. ती माझ्याकडे आणि मग बाबांकडे असं बघत होती, जणू तिनं आम्हाला आत्ताच कामावर घ्यायचं ठरवलं होतं.

दीर गेल्यावर तिनं मला समजावलं. आई, हे बोलण्या-न-बोलण्याचं नाहीच. बोलकी माणसंही अंतर्मुख असतात. प्रश्न एवढाच, की माणसाला जोर कुठून येतो. कोणाला चार माणसांत बसून येतो, कोणाला चार माणसं गेल्यावर. लाजाळूपणा वेगळा, हे वेगळं. आणि कोणी पुरतं इकडचं की पुरतं तिकडचं नसतं, नुसता कल असतो. या चाचण्यांवरही जाणकारांची भांडणं आहेत, त्यामुळं देवाचा कौल म्हणून धरू नकोस. मग तिनं मोबाइलचा चार्जर वगैरे काही उदाहरण दिलं. मला माणसाला वायर जोडलेली आवडली नाही. मी आपलं माझ्या परीनं समजून घेतलं. आमच्या काही बांध्यांना तलावाचं पाणी येतं, दहा जणांच्या बांध्यांतून फिरून. काहींना आपल्याच विहिरीचं. धान दोन्हीकडे होतो. पण तलावाच्या बांधीचा पाट बंद केला आणि तिला म्हटलं की बघ, तुला किती छान शांतता दिली, तर तिथं काय पिकणार?

हे मनात आलं आणि मी पटकन दुसरं काहीतरी बोलायला लागले. कारण पुढचा विचार मला दिसत होता, आणि तो मला नको होता. पाट बंद मीच केला होता असं नाही, पण फाटकाची कडी रोज मीच लावत होते. आणि या ओसरीवर माझा जीव जडला होता.

मंडईच्या दिवशी आम्ही दिरांकडे गेलो. आमच्या भागात मंडई म्हणजे गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे, नात्यातले, नात्यातल्यांच्या नात्यातले, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. मी दिवसभर वडे तळले, मासोळीचा रस्सा वाढला, आणि प्रत्येकाशी बोलले. सगळे म्हणाले, बाई होत्या म्हणून मजा आली. दुसऱ्या दिवशी मी डोक्याला पदर घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून होते, आणि पोरगी पुण्याला जायला निघाली तर तिला बसपर्यंत सोडायलाही उठवेना. यांनी मंडईत पाहुण्यांच्या मधोमध सतरंजीवर बसून किती शब्द काढले असतील? फार तर पाहुण्यांना तंबाखू विचारली असेल. पण दुसऱ्या दिवशी यांनी दोनदा भात मागून घेतला आणि गोठ्यात शीळ घालत होते. मी पडल्या पडल्या ती शीळ ऐकली. मशीन बिघडलेली नव्हती.

तरी मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला ते घर सोडायचं नव्हतं. मनाला म्हटलं, त्यांनी कुठं तक्रार केली आहे?

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मला बँकेत अर्जुनीला जावं लागलं. हे सकाळीच वायसर आणायला गेलेले. बँकेतलं काम लवकर आटोपलं. नणंदेकडे जावं म्हणून मी स्टेशनच्या बाजूनं निघाले आणि सहज आत नजर गेली. फलाटावरच्या बाकावर आमचे हे बसले होते.

गाडी यायची होती, म्हणून गर्दी होती. यांच्या शेजारी एक म्हातारा आपल्या जावयाची सगळी कर्मकहाणी सांगत होता, आणि हे नेमक्या जागी "हं" म्हणत होते. पलीकडे एक बाई यांच्या पायाशी आपलं गाठोडं ठेवून बिनघोर पाणी आणायला गेली. गाडी आली. म्हातारा गेला, बाई गेली, फलाट रिकामा झाला. हे तिथंच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, पुढच्या गाडीची वाट बघत. त्यांना कुठंही जायचं नव्हतं. धान निसवून लोंब्या आल्यावर बांधावर उभं राहून बघताना त्यांचा चेहरा जसा दिसायचा, तसा तेव्हा दिसत होता. मी तो चेहरा नव्या घरी आल्यापासून बघितला नव्हता.

मी जाऊन शेजारी बसले. ते दचकले नाहीत, थोडे सरकले.

"कायले येता जी इथं?" मी विचारलं.

त्यांनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मानसं दिसतेत," ते म्हणाले.

मग घरी सांगितलं काऊन नाही, असं मी विचारलं. इतके दिवस वायसर आणून राहिले, पण तोंडानं एक शब्द का निघाला नाही? ते रुळांकडे बघत म्हणाले, "तू खुश होती."

मी म्हटलं, मी कुठली खुश? सगळ्या गावापुढं रडगाणं गाऊन राहिले. तर म्हणाले, "गावापुढं. फाटक लावलं का तू गानं म्हनते."

मला माहीत नव्हतं की मी गाणं म्हणते. खरंच माहीत नव्हतं. मी काही उत्तर देणार, एवढ्यात त्यांनी आपण होऊन पुढं बोलायला सुरुवात केली, आणि हे इतकं अपूर्व होतं की मी तोंड मिटलं.

"तू शाळेतून आली का तुले घरात कोनी नोको राहे. तोंडावरून दिसे. म्हनून मी चौकात जाऊन बसत होतो, घंटाभर."

इथं मला एक सांगायला हवं. मी शाळेतून पाय घरात ठेवला की हे चप्पल घालून बाहेर पडायचे, हे खरं आहे. वर्षानुवर्षं, सुट्टीचा दिवस सोडून रोज. मी त्याचा एकच अर्थ लावला होता, की बाई आली, आता हिचं तोंड सुरू होणार, पळा. मी कोणाला बोलून दाखवलं नाही, मैत्रिणींत त्यावरून विनोदही केले, पण ते मला लागायचं. फार लागायचं. स्वयंपाकघरात एकटी चहा करताना मी कितीदा मनात म्हटलं असेल, की या माणसाला माझी दोन वाक्यंही जड होतात. आणि तो एक तास संपेपर्यंत माझं डोकं शांत व्हायचं, मला बरं वाटायचं, आणि ते कशानं वाटतं हे मला कधी कळलं नाही.

मी स्टेशनवर, दिवसाढवळ्या, पदर तोंडाला लावून रडले. हे कासावीस झाले. थोड्या वेळानं, उगाच जास्तीचं श्रेय नको म्हणून असेल, हळूच म्हणाले, "मलेबी बरं वाटत होतं चौकात."

मग मी डोळे पुसले आणि जे टाळत होते ते बोलून टाकलं. म्हटलं, शेतातलं घर कोणाला तरी राहायला देऊ. रस्त्याकडेच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधू, बसथांब्यासमोर, तुम्हाला दिवसभर माणसं दिसतील. मी हे मनापासून बोलत होते. त्यांच्या भाताच्या ताटापुढं माझी ओसरी काही मोठी नव्हती.

त्यांनी मान हलवली. "मंग तुयं गानं बंद होईन," ते म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी एक तोडगा सांगितला, जो त्यांच्या डोक्यात बहुतेक पहिल्या वायसरपासून तयार असावा. मी तिथंच राहायचं. त्यांनी सकाळी न्याहारी करून चौकात जायचं, लोक ड्यूटीवर जातात तसं, आणि दिवेलागणीला घरी यायचं.

तसंच झालं. रस्त्याकडेच्या तुकड्यावर यांनी चार खांब रोवून वर टिनं टाकली आणि खाली दोन लांब बाकडी ठेवली. लोकांना वाटलं दुकान निघतंय. कशाचं दुकान, म्हणून विचारलं तर हे म्हणायचे, "बसाचं." बसची वाट बघणारे तिथं बसायला लागले, मग ज्यांना कुठल्याच बसनं जायचं नव्हतं तेही. हे मधोमध, सगळ्यांचं ऐकत.

गाव ते गाव, चार दिवस गप्प कसं बसेल. बाई शेतात, भाऊ दिवसभर चौकात, म्हणजे यांचं बिनसलं. एका दुपारी दीर आणि नणंद दोघंही तोंड लांब करून माझ्या फाटकाशी आले, समेट घडवायला. मी त्यांना ओसरीत बसवलं आणि इंट्रोव्हर्ट म्हणजे काय, एक्स्ट्रोव्हर्ट म्हणजे काय, विहिरीचं पाणी कोणतं, तलावाचं कोणतं, हे सगळं शाळेत शिकवते तसं शिकवलं. दिरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हनजे भांडन नाई?" मी म्हटलं नाही. नणंद हुशार. ती म्हणाली, "म्हनजे आपन घर भलत्याच मानसासाठी बांधलं." मी म्हटलं, घर बरोबर बांधलं, नाव तेवढं चुकीचं घातलं. आणि एवढं बोलून झाल्यावर मी दोघांना चहा देऊन लवकरच वाटेला लावलं, कारण मला आता कोणी नको होतं. नणंद जाताना वळून वळून माझ्याकडे बघत होती. मी पहिल्यांदाच सुस्कारा सोडला नाही.

आता संध्याकाळी हे सायकलवरून पाळीनं येतात. हातपाय धुतात, ओसरीत बसतात, आणि बोलतात. हो, आमचे हे. दिवसभरात कोण कुठं गेलं, कोणाच्या पोराला गोंदियात काम लागलं, कोणाच्या म्हशीनं कोणाची परसबाग खाल्ली, सगळं. माणसांनी भरून आलेला माणूस सांडतो, तसे थोडे सांडतात. मी निवांत दिवस काढलेला असतो, म्हणून मला ऐकवतं. थोड्या वेळानं मी म्हणते, आता पुरे जी. ते थांबतात. राग नाही, लोभ नाही.

परवा असंच मी म्हटलं, आता पुरे. तर ते म्हणाले, एकच राहिलं. मी म्हटलं, सांगा.

बाकड्यावर आज परगावचा एक पाहुणा बसला होता, ते म्हणाले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यानं यांना विचारलं, की घरवाली तिकडं शेतात दिवसभर एकटी राहते, तिला वाईट नाही वाटत? बाकीचे सगळे ऐकत होते, आणि यांच्याकडून 'हं' येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मंग? का म्हनले तुमी?" मी विचारलं.

"म्हनलं, ती एकटी नाई. निवांत आहे."

चौकात, भर लोकांत, मोठ्यानं त्यांनी हे सांगितलं होतं. मला यावर एक शब्द सुचला नाही, आणि हे मी गावात सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही.